बंदूक नको, हिशेब द्या

आमच्या भागात हल्ली कुठल्याही सभेत एक वाक्य हमखास टाळ्या घेतं. सोयाबीनच्या भावावर बोलून बोलून वक्ता थकला, घोटभर पाणी पिला, की माईक जवळ ओढून म्हणतो, "शेतकऱ्याच्या हातात बंदूक द्या, मग बघू हरणं कशी येतात ते!" मांडव दणाणतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत ज्यांचं रान हरणांनी खाल्लं ते असतात, आणि ज्यांना रानच नाही तेही असतात. मी टाळी वाजवत नाही. चाकूर तालुक्यात माझं पावणेसहा एकर रान आहे, त्यातलं चार एकर माळाच्या अंगाला. मागच्या पाच वर्षांत मी दोनदा दुबार पेरणी केली, ती पावसानं दगा दिला म्हणून नव्हे, हरणांनी कोंब खुडले म्हणून. तरी टाळी वाजवत नाही.

आधी नुकसान म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगायला पाहिजे, कारण त्यांच्या डोळ्यांपुढं हरीण म्हटलं की सीतामाईचं हरीण येतं. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, एकरी तीस किलोची एक बॅग सोयाबीन पेरलं. आठव्या दिवशी दोन डाळिंब्या वर येतात, मधून कोवळा शेंडा निघतो. काळविटाचा कळप भल्या पहाटे येतो. ते रेड्यासारखं तुडवत नाही, डुकरासारखं उकरत नाही. ओळीनं चालत जातं आणि शेंडा तेवढा खुडतं. दिवस उगवायच्या आत एकर-दीड एकर साफ. लांबून बघितलं तर रान हिरवंच दिसतं. शेंडा गेलेलं रोप एक तर मरतं, नाही तर खुरटं राहून चार शेंगा धरतं. पुढं तुरीचा फुलोरा आहे, रब्बीत हरभऱ्याचे घाटे आहेत. एका करडईला काटा असतो म्हणून ती वाचते. आमचे वडील हरभऱ्याच्या कडेनं करडईच्या चार-सहा ओळी टाकायचे ते याच्यासाठी. आता करडई काढायला माणूस मिळत नाही, म्हणून तो काठही गेला.

(पुस्तकवाले म्हणतात काळवीट हे हरीणच नव्हे, तो कुरंग, त्याची शिंगं गळत नाहीत. खरं असेल. आमच्या गावात चार पायांवर उड्या मारणारं सगळं हरीणच.)

तर माझा एक पुतण्या आहे, पदवी झालेला, आखाड्यावर राहणारा, कष्टाळू पोरगा. त्याच्या डोक्यात रायफल बसली. एक दिवस जेवताना मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाला, "आण्णा, तीनशेपंधरा घ्यावी की थर्टी-ओ-सिक्स? हरणं लई येऊलालेत."

मी म्हणलं, "तुला या आकड्यांचा अर्थ माहीत हाय का?"

त्याला माहीत नव्हता. मला थोडा आहे, कारण आमच्या भावकीतले एक जण लष्करात होते आणि सुट्टीवर आले की आम्हा पोरांना बसवून सांगायचे. हे आकडे म्हणजे नळीच्या तोंडाचं माप. .३१५ म्हणजे इंचाच्या हिशेबात, आपल्या मापात आठ मिलिमीटर. इंग्रजाच्या फौजेची रायफल .३०३ ची. तेच काडतूस रयतेच्या हाती पडलं तर पंचाईत, म्हणून त्यानं .३०३ सामान्य माणसाला बंद केली आणि शिकारीच्या हौशीसाठी वेगळ्या मापाची .३१५ चालू ठेवली. इंग्रज गेला, माप राहिलं. आजही बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ परवान्यावर मिळते. खटका मागं ओढायचा, काडतूस आत, पुढं ढकलायचा, एक बार. पुन्हा ओढायचा, पुन्हा एक. थर्टी-ओ-सिक्स अमेरिकन: तीस म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले तीस, आणि सहा म्हणजे १९०६ साल, त्या साली ते काडतूस निघालं. बारा बोअरची तर गंमतच आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीएवढी जाड नळी. आकडा वाढला की नळी बारीक होते, हे कळायला मला महिना लागला होता.

पुतण्याला हे सगळं आवडलं. पोरांना आवडतंच. त्याचा खरा प्रश्न मात्र मापाचा नव्हता, आणि सभेतल्या वक्त्याचाही नसतो. म्हणून मी त्याला एकेक करून विचारत गेलो.

पहिलं, ही रायफल तुला देणार कोण? १९५९ चा शस्त्र कायदा आहे. पीक राखायला म्हणून शेतकऱ्यानं परवाना मागितला तर त्या कायद्यात त्याच्यासाठी नाव घेऊन लिहिलेलं हत्यार आहे ठासणीची बंदूक. त्यानं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बारा बोअर वगैरे. रायफलीचं नाव पीकरक्षणाच्या त्या कलमात नाही. ठासणीची बंदूक माझ्या चुलत्याकडं होती, मी हाताळलेली आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, गजानं ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज, मग मागं टोपी बसवायची. एवढं होईपर्यंत माणसाची अर्धी विडी ओढून होते आणि कळप वगळ ओलांडून पलीकडच्या शिवारात जातो. पावसात दारू सर्दावली तर तेही नाही. चुलते ती बंदूक हवेत काढायचे, कणसावरची पाखरं उठवायला. आवाज मात्र असा, की धुऱ्यावरची म्हातारी माणसं रझाकाराची आठवण काढायची.

हा शेतकऱ्याला दिलेला हक्क. चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशात पीक राखायला अजून ठासणी.

दुसरं, बंदूक मिळाली असं धरू. मारणार काय? इथं दुसरा कायदा येतो. १९७२ साल आमच्या पिढीला कशासाठी आठवतं, ते सांगायला नको. मी तेव्हा तेरा वर्षांचा, आईसोबत दुष्काळी कामावर खडी फोडत होतो, सुकडी खात होतो. त्याच साली सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीनं तेही गेले. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. मारलं तर तीन ते सात वर्षं. आणि यातली खरी मेख पुढं आहे. पहिल्या अनुसूचीतलं जनावर मारायची परवानगी राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो, पण केव्हा? ते माणसाच्या जिवाला धोका झालं, किंवा बरं न होण्याइतकं जखमी-आजारी असलं तर. उभ्या पिकाचं नुकसान हे कारण त्या कलमात नाही. ते खालच्या अनुसूचीतल्या जनावरांसाठी आहे, म्हणजे रानडुक्कर, रोही यांच्यासाठी. त्यांच्याकरता राज्य सरकारनं २०१५ साली परवानगीची वाटही काढून दिली. काळविटासाठी वाट नाही. शिंगानं मला भोसकलं तर त्याला मारता येईल. माझं वर्षाचं पीक खाल्लं तर नाही. आता काळवीट कधी माणसाला भोसकायला आलंय का? त्याला माणसाची सावली दिसली तरी ते तीन शिवारं ओलांडतं.

म्हणजे १९५९ चा कायदा म्हणतो, पीक राखायला बंदूक घे. १९७२ चा म्हणतो, पीक खाणाऱ्याला हात लावू नको. दोन्ही आपापल्या जागी बसलेत, मधे मी हातात गोफण घेऊन. आणि मेलेल्या जनावराबद्दल कायदा फार दक्ष आहे. शिकार झालेलं किंवा मेलेलं सापडलेलं वन्य जनावर ही सरकारची मालमत्ता. मेलं की सरकारचं. जिवंत आहे आणि खातंय तोवर कुणाचं, ते त्यानं लिहिलेलं नाही.

तिसरं, आणि हे मी पुतण्याला सगळ्यात जास्त वेळ सांगितलं. समज, उद्या दोन्ही कायदे बाजूला झाले, सरकारनं घरपोच रायफल दिली. आपल्या रानात ती चालवायची कशी? आपला मुलूख काळ्या मातीचा, सपाट. उघड्या माळावर काळवीट दोन-तीनशे पावलांच्या आत येऊ देत नाही. बारा बोअरचे छर्रे चाळीस-पन्नास पावलांपुढं विखरून जातात; जनावर मरत नाही, पोटात छर्रे घेऊन दोन दिवस फिरतं आणि दुसऱ्याच्या उसात जाऊन सडतं. म्हणून रायफल पाहिजे, असं वाटतं. बरोबर आहे, रायफल पोचते. पण किती पोचते? .३१५ ची गोळी चुकली, किंवा त्या नाजूक जनावरातून आरपार गेली, तर ती हरणापाशी थांबत नाही, किलोमीटरच्या हिशेबात जाते. आमच्या चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. फौजेच्या कुठल्याही निशाणबाजीच्या मैदानावर निशाणाच्या मागं मातीचा मोठा बांध घातलेला असतो, गोळी त्यात रुतावी म्हणून. आपल्या शिवारात निशाणाच्या मागं काय असतं? शेजाऱ्याचा आखाडा. वस्तीशाळा. सहा वाजता खुरपायला निघालेल्या बायांची ओळ. पहाटे टमरेल घेऊन बसलेला म्हातारा. हरणं येतात ती पहाटेच्या अंधुकातच, आणि गावही तेव्हाच रानात उतरतं.

बंदूक एक तर हरणापर्यंत पोचत नाही, नाही तर माणसापर्यंत पोचते. आमच्या मुलखात मधलं माप नाही, मग ते इशापूरचं असो की अमेरिकेचं.

पुतण्या म्हणाला, "मग करंट सोडावं का तारंत?"

त्या दिवशी मी ताटावरून उठलो. हाच मुद्दा आहे. हताश माणूस बंदुकीवर थांबत नाही. बंदूक महाग, परवाना लांब. तार आणि आकडा स्वस्त. कुंपणात वीज सोडलेल्या ठिकाणी हरणं किती मेली ते मला माहीत नाही, पण रात्री पाणी द्यायला गेलेली माणसं मेलेली आपण दर वर्षी पेपरात वाचतो. कधी शेजारी, कधी खुद्द ज्यानं तार लावली तो. विधवा एकीकडं, पोलीस केस दुसरीकडं. सभेत बंदुकीची भाषा करणारा वक्ता त्या घरी दहाव्याला येऊन जातो, पण आकड्याबद्दल माईकवर बोलत नाही.

बंदूक हे उत्तर नाही याचा दाखला लांबचा पाहिजे असेल तर बिहारचा घ्या. केंद्रानं तिथं रोह्यांना काही काळापुरतं उपद्रवी ठरवलं. जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून नेमबाज बोलावले आणि दोनशेच्या वर रोही गोळ्या घालून मारले. केंद्रातले दोन मंत्री त्यावरून जाहीरपणे भांडले, टीव्हीवर आठवडाभर तेच. शिकलेले नेमबाज, उत्तम रायफली, सरकारी हुकूम, सगळं होतं. तरी रोही मारायच्या मोहिमा बिहारात त्यानंतरही पुन्हा पुन्हा काढाव्या लागल्या. कारण रोही कमी झाले तरी ते ज्यामुळं शेतात आले ते कारण जागेवरच होतं.

आमच्याकडचं कारण मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या लहानपणी गावाच्या उत्तरेला गायरान होतं, कुसळीचं आणि पवन्याचं गवत गुडघाभर. गुरं तिथं, हरणंही तिथंच. कळप लहान होते आणि मागावर लांडगे असायचे. पारध्यांचे फासेही असायचे, ते पोटापुरतं धरायचे. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी काळवीट पकडणारे शिकवलेले चित्ते होते, असं आपण ऐकतो. आज चित्ता नाही, लांडगा वर्ष-दोन वर्षांत एखाद्याला दिसतो, पारध्याला आपण माळावरून हुसकावलं. आणि गायरान? थोडं पुढाऱ्यांनी दाबलं, थोडं भूमिहीनांनी पोटासाठी नांगरलं (त्यांना मी बोल लावत नाही), थोड्यावर सरकारी इमारती झाल्या. उरलं त्यावर झाडं लावा म्हणून गिरिपुष्पाची रोपं खोचली. गवत खाणाऱ्या जनावराला गिरिपुष्पाचा काय उपयोग? ते उपाशी राहीना, ते माझ्या सोयाबीनात आलं. गायरानात कुसळी नाही, शेतात तीस किलोची बॅग आहे. माणूस असतं तरी त्यानं हेच केलं असतं.

आता शहरातल्या प्राणिमित्रांकडं वळतो, त्यांना सोडून चालणार नाही. काळविटाच्या खटल्यात जोधपूरच्या कोर्टानं २०१८ साली एका मोठ्या नटाला पाच वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका पुणेकर सद्गृहस्थांनी मला फोन करून आनंद कळवला. मलाही वाईट वाटलं नाही; हौसेखातर जीप घेऊन काळवीट मारणाऱ्याचं मी कधी कौतुक करणार नाही. पण तेच गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही शेतकऱ्यांनी थोडं सहन करायला पाहिजे, ती त्यांची जागा आहे." मी विचारलं, तुमच्या सोसायटीच्या जागी आधी काय होतं? ते हसले. त्यांनी थोडं म्हटलं, पण थोडं म्हणजे किती ते कुणी मोजत नाही. देशाचं काळवीट जगवायचा खर्च देशानं वाटून घ्यावा. तो चार एकरवाल्याच्या माळाकडच्या पट्टीवर टाकून वर त्यालाच सहनशीलता शिकवायची, हे प्राणिप्रेम फुकटातलं आहे.

भरपाई आहे, नाही असं नाही. अर्ज करायचा, वनविभाग, महसूल आणि कृषी अशा तिन्हीकडची माणसं पंचनाम्याला यायची. एका वर्षी माझ्या रानात आलेले साहेब धुऱ्यावर उभं राहून म्हणाले, "पीक तर उभं दिसतंय." शेंडा खुडलेलं रोप उभंच असतं, साहेब. वाकून बघावं लागतं. कोंबाच्या वेळी खाल्लं तर मी काय करतो? वाट बघत बसलो तर पेरणीची वेळ जाते. म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा पेरतो. पुन्हा पेरलं की नुकसान दिसत नाही, आणि दिसत नाही ते कागदावर चढत नाही. दुसऱ्या बॅगेचे पैसे, पुन्हा ट्रॅक्टरचं भाडं आणि महिनाभराची जागल, यांचा रकाना त्या अर्जात नाही. सौर कुंपणाच्या सवलती मुळात जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी आखल्या गेल्या. आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. जंगल नाही म्हणून आम्ही जंगलाशेजारचं गाव नाही, आणि जंगल नाही म्हणूनच हरणं आमच्या शेतात.

म्हणून मी टाळी वाजवत नाही. बंदूक मागणं हे सरकारला फार सोयीचं आहे. एक परवाना हातावर ठेवला की त्याचं काम संपलं. मग पीक गेलं तर दोष माझ्या नेमाचा, हरीण मेलं तर गुन्हा माझा, माणूस मेला तर फाशी मला. आणि निवडणूक आली की तीच बंदूक ठाण्यात जमा. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता मार्चपासून जूनपर्यंत होती, विधानसभेची ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तूर फुलोऱ्यात आणि हरभरा उगवणीला. हरणांना आचारसंहिता लागू नाही.

काही होत नाही असं म्हणणाऱ्यांनी शेजारच्या राज्याकडं बघावं. २०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात शाजापूर भागात सरकारनं शेतात शिरलेली शेकडो काळविटं आणि काही रोही पकडले. गोळी न घालता. वरून हेलिकॉप्टरनं कळप हाकायचा, खाली नरसाळ्यासारखं मोठं आडोशाचं कुंपण. कळप त्यात शिरत निमुळत्या टोकाला जातो आणि तिथून गाडीत. बोमा म्हणतात त्याला, आफ्रिकेतली पद्धत. तिथून जनावरं अभयारण्यांत नेऊन सोडली. १७ सप्टेंबर २०२२ ला, आमच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नामिबियातून आठ चित्ते विमानानं कुनोला आणले होते, तेव्हाही मी आनंदानंच टीव्ही बघितला. चित्त्याला विमान मिळतं, मध्य प्रदेशच्या काळविटाला हेलिकॉप्टर मिळतं, तर चाकूरच्या कळपासाठी गाडी आणि जाळी मिळायला काय हरकत आहे? रेहेकुरीला, नगर जिल्ह्यात, काळविटासाठी अभयारण्य करता आलं. आमच्या एखाद्या उरलेल्या गायरानावर गिरिपुष्प उपटून गवत परत आणता येणार नाही का? तोवर कोंबाचं नुकसान कोंबाच्या वेळी मोजा, दुबार पेरणीचा रकाना अर्जात घाला, आणि सौर तारेच्या सवलतीला जंगलाची अट घालू नका. सभेत हे बोललं तर टाळी येत नाही, मी बोलून बघितलंय. "रकाना" या शब्दाला कोण टाळी वाजवणार?

पुतण्यासोबत बसून शेवटी मी आकडेच मांडले, दुसरे. परवान्याच्या फेऱ्या, रायफल, काडतुसं, ती ठेवायला कुलपाचं कपाट, असं धरून त्याचाच हिशेब लाखाच्या पुढं गेला. तेवढ्यात माळाकडच्या बाजूला बॅटरीची झटका तार होते, सौर पाटीसकट, आणि काठाला करडईही बसते. झटका मशीन आणि घरातल्या विजेचा आकडा यातला फरक त्याला दोनदा समजावला: एक जनावराला दचकवतो, दुसरा मारतो. तार त्यानं आणली. हरणं आता आमच्या रानाला वळसा घालून शेजारच्या रानात जातात, म्हणून शेजारी आमच्याशी बोलत नाही. त्याचंही बरोबर आहे. यंदा मृगाच्या आधी त्याच्या नावचा पंचनाम्याचा अर्ज मीच लिहून दिलाय. दुबार पेरणीचा खर्च मागच्या कोऱ्या बाजूला वेगळा मांडलाय, आणि तारखेची जागा मोकळी ठेवलीय.